अर्धी माती

हौसा,

या नावानं मी तुला कधी हाक मारली नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मी तुझं नाव वसुधा असं लिहिलं आणि नंतर तेही कधी तोंडात आलं नाही. आपलं सगळं 'अगं' आणि 'अवो' यावरच भागलं. पालीला गेलो की तुझा भाऊ अंगणातून "हौसेऽ" म्हणून ओरडायचा आणि हातातलं टाकून तू वळून बघायचीस. तसं वळून तू माझ्याकडं कधी बघितलं नाहीस, कारण मी तशी हाक दिलीच नाही. आज देतो.

तू जाऊन महिना होत आला. दिलीप पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "आप्पा, आईची काचेची पेटी आता काढून टाकू का? खिडकी मोकळी होईल." मी नको म्हणालो. त्याला वाटलं, आठवण म्हणून नको म्हणतोय. तसं असतं तर बरं झालं असतं. सहा वर्षं ती पेटी रिकामी होती आणि सहा वर्षं दर शनिवारी तू ती आतून-बाहेरून पुसत राहिलीस. तुझा हात काचेवरून फिरायचा तेव्हा मी उठून बाहेर जायचो, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? आलं असणार. तुझ्या लक्षात येत नाही असं फार थोडं होतं.

जे सांगायचंय ते सरळ सुरू केलं तर मी पुन्हा पळ काढीन. म्हणून पालीच्या कातळापासून सुरू करतो.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तू मला गावाच्या वरच्या अंगाला नेलंस. राजगडाची सकाळची सावली अजून त्या कातळावरून सरकायची होती. परातीएवढा एक खळगा, त्यात वीतभर पावसाचं पाणी. तू उकिडवी बसलीस आणि मला बस म्हणालीस. मी नवा विज्ञान-शिक्षक, अंगात पांढरी पँट. बसलो नाही, वाकलो. पाण्यात बोटाच्या पेराएवढे, काचेचेच असावेत असे जीव पाठीवर पोहत होते. पाय वर, पाठ खाली. सगळे पाय एकापाठोपाठ एक, वाऱ्यानं भाताचं शेत हलावं तसे हलत होते.

"झिंगे असतील," मी म्हणालो.

"झिंगं उताणं पवतंय व्हय कवा? आमी यास्नी उताणी म्हनतो."

"उन्हाळ्यात इथं काय असतं?"

"काय न्हाई. वाळल्याली माती. गुरं बी तोंड लावत न्हाईत."

"मग ही येतात कुठून?"

तू माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी वर्गातला सगळ्यात ढ मुलगा आहे. "येत्यात कुठनं? हितनंच. जात्यात कुठं?"

बाटलीत घालून मी त्यातली चार भोरला शाळेत नेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. वहीत आकृती काढली, पाय मोजले, मादीच्या पोटाखालची अंड्यांची पिशवी काढली. कवचधारी वर्गातले प्राणी, झिंग्या-खेकड्यांच्या गोतातले. अंडी चिखलात पडतात, चिखल वाळतो, अंडी कोरडीच्या कोरडी वर्षानुवर्षं टिकतात आणि पाणी मिळालं की उघडतात. हे सगळं मी वाचून काढलं आणि तुला सांगितलं. तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "व्हय, तेच म्हनले म्या."

म्हणजे मला ठाऊक होतं, हौसा. ती काय आहेत हे आपल्या उत्रोली गावात तुझ्याखालोखाल मलाच ठाऊक होतं. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेव.

दिलीप कॉलेजला गेला आणि त्याचे मासे गेले. पेटी रिकामी पडली तेव्हा तू माहेराहून चहाच्या डब्यात माती घेऊन आलीस. वेल्ह्याहून कापूरहोळपर्यंत डबा मांडीवर होता. तिथं गाडी बदलताना भोरच्या एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "मावशे, काय हाय डब्यात एवढं जपून?" तू म्हणालीस, "माती." तो म्हणाला, "मातीला तिकीट न्हाई, बसा." हे तू इतक्या वेळा सांगितलंस की शेवटी मलाही वाटायला लागलं, मी त्या गाडीत होतो.

तुझे नियम होते. नळाचं पाणी चालायचं नाही, त्यातल्या औषधानं ती मरतात. पावसाचंच पाणी, तेही कौलांवरून पहिले आठ दिवस धूळ वाहून गेल्यावर धरलेलं. खायला भाताचा कण घालायचा नाही, पाणी नासतं. बरणीत वाळलेलं गवत घालून ती उन्हात ठेवायची, दहा दिवसांनी पाणी हिरवं झालं की त्यातलं चमचाभर. आणि सगळ्यात मोठा नियम: डब्यातली सगळी माती एकदम भिजवायची नाही. अर्धी भिजवायची, अर्धी कोरडी ठेवायची.

यावरून आपण किती वर्षं भांडलो. मी म्हणायचो, सगळी भिजव, दुप्पट निघतील. तू म्हणायचीस, "आन फसली म्हंजे?"

"फसेल कशी? सगळं तर नीट करतेस."

"पाऊस बी सगळं नीटच करतोय. येतो, खळगा भरतो, आन चार दिसात ऊन पडून आटतो. तवा जी उठली ती ग्येली. मागं निजल्याली ऱ्हात्यात म्हनून पुढल्या खेपेला व्हत्यात."

मला ते गावंढळ वाटलं. एका वर्षी तू मला गप्प केलंस. जी माती भिजवून, पोरं वाढवून, मरून, वाळून झाली होती तीच तू पुन्हा भिजवलीस आणि दुसऱ्याच दिवशी नवी निघाली. मी म्हणालो, ही तर त्यांनी नवी घातलेली अंडी. तू म्हणालीस, बरं. मग तू नव्या मातीतली मूठभर घेतलीस, भिजवलीस. दुसऱ्या दिवशी निघाली तेवढी चमच्यानं एकेक काढून घेतलीस, अंडी घालायला एकही ठेवली नाहीस. माती वाळवलीस, पुन्हा भिजवलीस. आणि तरी निघाली. पहिल्या वेळी न उठलेली. मी चष्मा पुसत राहिलो. चाळीस वर्षं मुलांना प्रयोग शिकवले, पण इतका स्वच्छ प्रयोग मी स्वतः कधी केला नव्हता. हे तेव्हा तुला म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "योगायोग असेल."

तो वाद तसाच राहिला. आता कबूल करतो, तू जिंकलीस. फार उशिरा कबूल करतो.

निघालेली पिल्लं मला कधी पटकन दिसायची नाहीत. मिठाच्या कणाहून बारीक. सकाळी पेटीवर ऊन आलं की तू मला हाताला धरून उभं करायचीस. "टक लावू नका. नजर सैल सोडा." मी सैल सोडायचो, आणि मग एकदम सगळं पाणी जागं झाल्यासारखं दिसायचं. तेवढा एक क्षण तू माझा दंड धरलेला असायचीस. बाकी दिवसभर आपण कुठं एकमेकांना हात लावत होतो?

आता मंगल.

मंगल आपल्या गावची आशाताई. पहिल्यांदा आली तेव्हा नवी नवरी होती, बावीस-तेवीसची. दारात उभी राहून विचारायची, "घरात कुणी गरोदर हाय का?" आणि स्वतःच लाजायची. तिला माहेर लांब. तू तिला स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवलंस, चहा दिलास, आणि पुढं ती दर फेरीला तिथंच बसायला लागली. तुला मुलगी नव्हती. हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण तिची बशी वेगळी ठेवलीस.

पोटाखाली पिशवी आलेली मादी तू तिला दाखवलीस तो दिवस मला आठवतो. "ही बघ, पोटुशी."

मंगलनं लगेच पिशवीतून वही काढली. "काकी, नाव सांगा. नोंद करून टाकते. पहिलटकरीन हाय का?"

"तिचं काय सांगावं बाई, शंभरेक तर असतीलच."

"आगं आई! मंग हिला लोहाच्या गोळ्या सुरू कराया पायजेत. आन हिच्या मालकाला म्होरं बोलवा, शस्त्रक्रियेचं समजावून सांगते."

तू पदर तोंडाला लावून हसलीस. हसता हसता तुला ठसका लागला. मी आतून "काय चाललंय?" म्हणून विचारलं तर दोघी गप्प झालात आणि पुन्हा फुटलात. त्या घरात इतकं हसू माझ्यामुळं कधी झालं नाही.

मंगलच्या पोरीला शाळेत काहीतरी करून न्यायचं होतं तेव्हा तू डब्यातली चमचाभर माती कागदात बांधून दिलीस. हेही ध्यानात ठेव.

मग पालीचा कातळ गेला. कुणीतरी ती जागा घेतली, बंगला बांधला, अंगण सपाट करायला खळगा सिमेंटनं भरला. तुझ्या भावानं फोनवर सांगितलं. तू फक्त "बरं" म्हणालीस. त्या संध्याकाळी तू डबा उघडून माती बघितलीस आणि झाकण घट्ट लावलंस. त्या दिवसापासून ती डब्यातली माती आणि पेटीतले जीव एवढंच काय ते उरलं होतं. हेही मला ठाऊक होतं.

त्यानंतरच्या वर्षी तू पाच दिवसांसाठी, भावाच्या नातवाच्या बारशाला, पालीला गेलीस. गावात डेंग्यूचे रुग्ण निघाले होते. शिकलेला माणूस म्हणून सभेत मला बोलायला उभं केलं. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा, पाणी साठवू नका, असं मी छान बोललो. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या लोकांत मी उभा होतो, तेव्हा एकजण म्हणाला, "गुरुजी, कोरडा दिस आमाला, आन तुमच्या खिडकीत बारा म्हयने डासांची शाळा. पट किती हाय?"

सगळे हसले. दूध मोजणारा तर माप खाली ठेवून हसला.

एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. ही डासाची अळी नाही, चला, दाखवतो. माझ्याकडं वही होती, आकृती होती. पण मला त्यांचा राग आला नाही, हौसा. तुझा आला. शिक्षकाच्या घरात खिडकीत चिखल, आणि बायको त्यात डोकं घालून बसते.

तासाभरात तालुक्याचं पथक आलं, बरोबर मंगल. साहेबांनी पेटीत वाकून बघितलं. मंगल माझ्या आधी बोलली. "सायेब, ह्या अळ्या न्हाईत. अळी श्वास घ्याया वर येती. ही येत न्हाईत, बगा. ही आमच्या काकीची हायेत." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "गुरुजी, तुम्ही विज्ञानाचे. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "काढून टाकतो."

मंगलनं माझ्याकडं बघितलं. भिंतीवर खडूनं तारीख टाकली आणि ते लोक पुढच्या घरी गेले.

दुपारी मी पेटी उचलली आणि गटारीत उलटी केली. त्यांत पिशवीवाल्या माद्या होत्या. मी मुद्दाम बघितलं नाही, पण दिसल्या. सिमेंटवर पाण्याबाहेर त्या सरळही होईनात, उताण्याही होईनात. मग पाइप लावला. पेटी ब्लीचिंगनं घासली. आणि मग, हे अजून मला कळलेलं नाही, मी आत जाऊन तो चहाचा डबा आणला आणि तोही ओतला. डब्यातल्या कोरड्या मातीला कुणी हसलं नव्हतं. त्यात डास होणार नव्हते. ती कुणाला दिसतही नव्हती. पण हात सुरू झाला होता. डबा धुतला आणि उपडा घातला.

तू आलीस तेव्हा पिशवीही खाली ठेवली नव्हतीस. खिडकीपाशी गेलीस. भिंतीवर खडूची तारीख होती. तू विचारलंस, "मंगल आली होती व्हय?"

मी म्हणालो, "हो."

आली तर होतीच. मी एक शब्द बोललो आणि तो खरा होता. तिथं थांबलो असतो तरी पुरेसं वाईट होतं. तू उपड्या डब्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "डबा बी?" मी म्हणालो, "त्यांना वरून ऑर्डर असते."

त्यानंतर तू कधी मला त्याबद्दल विचारलं नाहीस. पुढच्या फेरीला मंगल आली तेव्हा तू दारात उभी राहिलीस. पायरीकडं जायची वाट अडवून. "काय लिव्हायचं ते भाईरनंच लिव."

"काकी, काय झालं?"

"तुला ठावं."

मंगलनं तुझ्या खांद्यावरून आत बघितलं. मी पेपर वाचत होतो. पेपर वर केला. पेपरच्या खालून मला तिच्या चपला दिसत होत्या. त्या बराच वेळ तिथं होत्या. मग वळल्या.

गावात झालं, आशाताईनं मास्तरणीची पेटी ओतली. तिच्याशी बायका दोन दिवस फुगून बोलल्या आणि विसरल्या. तू विसरली नाहीस. तिची बशी तू कपाटात वर ठेवलीस, फोडली नाहीस, दुसऱ्या कुणाला दिली नाहीस. पण तिला पायरीवर पुन्हा बसवलं नाहीस. सहा वर्षं. ती दर फेरीला बाहेरून विचारायची, तू बाहेरच्या बाहेर उत्तर द्यायचीस, आणि आत बसलेला मी दोघींच्या मधल्या त्या दाराएवढाच गप्प असायचो.

गावातल्या सगळ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय: पेटी मंगलनं ओतली नाही. मी ओतली. मंगलनं ती वाचवायला बघितली होती.

खरं तर इथंच संपायला हवं होतं. पण याहून वाईट गोष्ट दवाखान्यातली आहे.

तू पहिल्या दिवशी शुद्धीवर होतीस. म्हणालीस, "मंगलला बोलवा. तिला एक इचारायचंय."

काय विचारायचंय ते मला कळलं. मी म्हणालो, "उद्या बोलावतो."

दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस आणि एवढंच म्हणालीस, "मंगल?" मी म्हणालो, "फोन लागत नाही." फोन माझ्या खिशात होता. मी तो लावलाच नव्हता. जिन्यात जाऊन दोनदा हातात घेतला होता, तिचं नाव काढलं होतं आणि पुन्हा खिशात ठेवला होता. मला वाटलं, तू बरी होशील. मग घरी गेल्यावर बघू. तिसऱ्या दिवशी तुझं बोलणं बंद झालं. तू दाराकडं बघत होतीस. मी मुद्दाम दाराच्या बाजूला बसलो होतो, म्हणजे तू माझ्याकडं बघतेस असं मला मानता यावं.

तिला काय विचारणार होतीस तू? का केलंस, असं? की काहीच न विचारता नुसतं जवळ बसवणार होतीस? की तुला आधीपासून ठाऊक होतं आणि तिच्याकडून फक्त एकदा ऐकायचं होतं? रोज यातलं एक उत्तर मी धरतो आणि संध्याकाळपर्यंत सोडून देतो.

तेराव्याला मंगल आली. बायकांबरोबर भांडी घासली, खरकटं काढलं, पायरीवर न बसता गेली. त्यानंतर आठ दिवस मी दम गोळा केला आणि तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. खडा काढून बाजूला टाकत राहिली.

"काका, म्या ओतली न्हाई ते मला ठावं नव्हतं व्हय?"

"मग तू बोलली का नाहीस? सहा वर्षं?"

"बोलून काय झालं असतं? काकीला तुमच्यासंगं एका घरात ऱ्हायाचं हुतं. मला काय, दोनशे घरं हायेत."

मग मी दवाखान्यातलं सांगितलं. तेव्हा तिचे हात थांबले. सूप खाली ठेवलं.

"दोनदा म्हनल्या?"

"दोनदा."

"हे मातुर तुमी लई वाईट केलंत, काका. पेटीचं मी कवाच सोडलं हुतं. हे न्हाई सुटायचं." तिचा आवाज चढला नाही. ती उठून आत गेली. मला वाटलं, आता जावं. चपला घातल्या. तेवढ्यात ती बाहेर आली आणि माझ्यापुढं हात धरला. हातात वहीच्या कागदाची पुडी होती. दोऱ्याची गाठ तुझी. दोन वेढे आणि वर फास, तू मसाल्याच्या पुड्यांना मारायचीस तशी.

"पोरीच्या शाळेला दिली हुती काकीनं. भिजवलीच न्हाई, पोरीनं दुसरंच काय तरी नेलं. नंतर त्या बोलायच्या बंद झाल्या. लई येळा वाटलं, नेऊन द्यावी. त्यास्नी किती बरं वाटलं असतं, मला ठावं हुतं. पन मला बी राग हुता ना. मनात म्हनायची, आधी मला आत बसवू दे, मंग देईन. तुमी येकटेच न्हाई काका. म्या बी ठेवून घेतली."

मी पुडी दोन्ही हातांत घेतली. मग ती म्हणाली, "पावसाचं पानी कुठनं आणायचं आता, या दिसांत?"

आणि तेव्हा मला तुझ्या बाटल्या आठवल्या.

स्वयंपाकाच्या ओट्याखाली तू दरवर्षी पावसाचं पाणी भरून ठेवायचीस. पेटी रिकामी झाल्यावरही. मी एकदा विचारलं होतं, आता कशाला? तू म्हणालीस, "इन्व्हर्टरला लागतंय की." मी ते खरं धरलं आणि सहा वर्षं तुझं पाणी बॅटरीत ओतत राहिलो. ते कधी इन्व्हर्टरसाठी नव्हतंच, हे त्या ओट्यावर उभं असताना मला कळलं. माती नाही, खळगा नाही, तरी तू पाणी धरून ठेवत होतीस. घरी येऊन ओट्याखाली वाकलो. एक बाटली उरली होती. झाकणावर तू प्लॅस्टिक बांधलं होतंस, त्यालाही तीच गाठ.

मागोमाग आलेल्या मंगलनं माती कागदावर पसरली आणि पोस्टकार्डाच्या कडेनं मधोमध दोन वाटे केले. मी विचारलं नव्हतं, तिनंच केले. उरलेली अर्धी पुन्हा बांधली. मी म्हणालो, "ती तुझ्याकडंच राहू दे." ती म्हणाली, "व्हय, माझ्याकडंच ऱ्हाणार." पेटीच्या तळाला बोटभर पाणी झालं, तेवढंच. माती आधी तरंगली, मग हळूहळू बसली. जाताना ती पायरीवर टेकली. मी चहा केला. कपाटात वर हात घालून तिची बशी काढली, पुसली. माझा चहा तुझ्यासारखा होत नाही. तिनं प्यायला.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. इतक्या वर्षांची माती, मी मनाची तयारी केली होती. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन तुझ्या आजारपणात राहून गेलं. पेटीवर ऊन येतं तेव्हा मला नुसता पांढरा धूर दिसतो. तरी मी उभा राहतो. टक लावत नाही. नजर सैल सोडतो. दंड धरायला कुणी नसलं की सैल सोडणं जमत नाही, एवढं कळलं.

आज तिसरा दिवस. सकाळी मंगल फेरीला निघाली होती, खांद्याला पिशवी. हाक न मारता थेट आत आली आणि खिडकीशी गेली. मी मागं उभा राहिलो. ती वाकली, कपाळ काचेला टेकलं. कितीतरी वेळ हलली नाही.

"काका."

"काय?"

"त्या कोपऱ्यात. उनाकडं. हलतंय बगा."

मी वाकलो. चष्मा काढला, पुसला, घातला. पांढरा धूर.

"त्ये बगा, उड्या मारतंय. हितं दुसरं. आन हे तिसरं. दिसलं का?"

"नाही," मी म्हणालो. "पण तू म्हणतेस ना."

ती गेली. मी अजून पेटीपाशीच बसून हे लिहितोय. पाण्यात काय आहे ते मला दिसत नाही आणि मी तिच्या शब्दावर बसलोय. भिंतीवर खडूची नवी तारीख आहे. तू विचारण्याआधीच या वेळी सांगतो.

हौसा, मंगल आली होती.